भारतात राहून सबस्क्रिप्शनचे पैसे डॉलरमध्ये का कापले जातात? देश आणि चलनाचा घोळ या क्रमाने तपासा

दिवाळीत किंवा मे महिन्यात परदेशातली मुलं घरी येऊन गेली की ओळखीपाळखीतून माझ्याकडे ठरलेली तक्रार येते: ॲपचे पैसे डॉलरमध्ये दिसतात, काय करू? कुणी आखातातली नोकरी सोडून कायमचं परत आलेलं असतं. कुणाला मुलाने अमेरिकेतून आयफोन आणून दिलेला असतो. कुणी ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरचं सबस्क्रिप्शन घेतलेलं असतं. तक्रार एकच, पण कारणं सहा-सात असू शकतात. ती कोणत्या क्रमाने तपासायची ते इथे लिहितो आहे. क्रम मोडू नका, कारण शेवटी दिलेले काही उपाय असे आहेत की एकदा केले की वर्षभर मागे फिरता येत नाही.

फरक किती पडतो ते आधी पाहा. यूट्यूब प्रीमियमचा एका माणसाचा मासिक प्लॅन अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये १३.९९ डॉलर झाला. भारतात तोच प्लॅन ऑगस्ट २०२४ मध्ये वाढून १४९ रुपये झाला. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर अमेरिकेतली किंमत बाराशेच्या जवळ जाते, म्हणजे सुमारे आठपट. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हा बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आला. कंपन्या प्रत्येक देशाच्या ऐपतीप्रमाणे किंमत लावतात. म्हणून खात्यावर चुकीचा देश राहिला की दर महिन्याला आणि गुपचूप नुकसान होत राहतं. निवृत्त माणसांच्या खात्यावर असे पैसे जाताना पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेकांना ते कळलेलंही नसतं.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

- भारतात बसूनही किंमत डॉलर, पौंड किंवा दिरहममध्ये दिसते.
- किंमत रुपयांत दिसते, पण कार्डाच्या स्टेटमेंटवर रक्कम जास्त येते किंवा खाली आणखी एक छोटी रक्कम वेगळी कापलेली असते.
- त्याच सबस्क्रिप्शनची किंमत मोबाइलवर एक आणि लॅपटॉपवर दुसरी दिसते.
- पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं आणि 'हे कार्ड या देशासाठी चालणार नाही' अशा अर्थाचा संदेश येतो.
- पहिल्या महिन्याचे पैसे गेले, दुसऱ्या महिन्याला सबस्क्रिप्शन आपोआप बंद पडलं.
- प्ले स्टोअरमध्ये आपल्या बँकेचं ॲप सापडतच नाही. याचा पैशांशी संबंध नाही असं वाटेल, पण मूळ तेच असतं.

तुमचा 'देश' पाच ठिकाणी नोंदलेला असतो

एवढं लक्षात आलं की अर्धं काम झालं. पहिला देश इंटरनेटच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून कळतो. दुसरा फोन किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये निवडलेला असतो. तिसरा प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या खात्याचा. चौथा तुमच्या कार्डाचा: कार्डावरचे पहिले सहा ते आठ आकडे ते कोणत्या बँकेने दिलं हे सांगतात, आणि बँकेवरून देश समजतो. पाचवा त्या-त्या कंपनीच्या खात्यात नोंदलेला असतो.

किंमत ठरवताना खरं वजन असतं शेवटच्या तीन देशांना. पहिल्या दोनांमुळे बहुधा फक्त दिसणारा आकडा बदलतो. लोक मात्र फोनची भाषा आणि प्रदेश बदलत बसतात, आणि काही फरक पडला नाही की वैतागून सगळंच बदलतात. तिथून घोळ वाढत जातो.

१. पैसे नेमके कोण घेतंय? पावती बघा

याला खर्च नाही, दोन मिनिटं लागतात, आणि नव्वद टक्के लोक नेमकं हेच टाळतात. ईमेलमध्ये शेवटची पावती शोधा. ती गूगल प्लेकडून आली आहे, ॲपलकडून, थेट कंपनीकडून, की मोबाइल कंपनीच्या रिचार्जमधून? पावती ज्याची, दुरुस्ती त्याच्याकडे. ॲपलमार्फत घेतलेलं सबस्क्रिप्शन कंपनीच्या वेबसाइटवर कितीही धडपडलात तरी बदलणार नाही, आणि कंपनीची मदत करणारी माणसंही तुम्हाला ॲपलकडेच पाठवतील.

पावतीवर तीन गोष्टी टिपून ठेवा: कोणतं चलन, कोणतं ईमेल खातं, आणि बिलावरचा पत्ता. अनेकदा तिथेच उलगडा होतो. बिलावर मुलाचा न्यू जर्सीचा पत्ता असतो, कारण खातं त्याने उघडून दिलेलं असतं.

एकाच घरात तीन-चार ईमेल खाती असतात आणि सबस्क्रिप्शन वेगळ्याच खात्यावर निघतं, हेही नेहमीचं आहे. फोनमध्ये कोणतं खातं वरती दिसतं यावर विसंबू नका. पावती ज्या ईमेलवर आली तेच खातं खरं.

२. दिसणारं चलन की कापलं जाणारं चलन?

बऱ्याच वेबसाइटींच्या तळाशी देश किंवा चलन निवडायची सोय असते. ब्राउझरला जुनी निवड आठवत असते. ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा, लॉगिन न करता तीच वेबसाइट बघा. तिथे रुपये दिसले आणि लॉगिन केल्यावर डॉलर दिसले तर दोष खात्यात आहे. दोन्हीकडे डॉलर दिसले तर दोष इंटरनेटच्या जोडणीत असू शकतो, किंवा ती कंपनी भारतासाठी वेगळी किंमत ठेवतच नसेल. ठेवत नसेल तर तुमच्या बाजूने दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सरळ पाचव्या तपासणीकडे जा आणि खर्च कमीत कमी कसा होईल ते पाहा.

शेवटच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या अगदी वर जो आकडा असतो, तोच धरायचा. आधीच्या पानांवर रुपये दाखवून शेवटी डॉलर लावणाऱ्या साइटी आहेत. ते रुपये केवळ अंदाजासाठी असतात.

३. व्हीपीएन, ऑफिसचं नेटवर्क आणि परदेशी सिम

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय. ती चालू असेल तर बंद करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती आपोआप चालू असते आणि कंपनीचं मुख्य कार्यालय अमेरिकेत असेल तर वेबसाइटला तुम्ही अमेरिकेत दिसता. घरचं सबस्क्रिप्शन घरच्या फोनवरून घ्या.

परदेशी सिमवर रोमिंग चालू असतं, तेव्हाची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. दुबईचं सिम सांगलीत रोमिंगवर वापरलं तर इंटरनेटची वाहतूक बहुधा दुबईच्या कंपनीमार्फतच जाते, आणि आयपी पत्ताही तिथलाच दिसतो. माणूस सांगलीत, पण गूगलच्या लेखी तो अमिरातीत. सुट्टीवर आलेल्या मुलाच्या हॉटस्पॉटवरून आईचं खातं उघडलं की तिच्या खात्याला परदेशाचा शिक्का बसतो तो असा. म्हणून नवीन खातं उघडताना घरचा वायफाय किंवा भारतीय सिम वापरा. हे एकच पथ्य पाळलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

स्वस्त पडावं म्हणून व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून सबस्क्रिप्शन घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २०२४ च्या जूनमध्ये यूट्यूबने अशी सबस्क्रिप्शन्स रद्द केली. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात लोक तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाचे रहिवासी असल्याचं भासवून खरेदी करत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने त्या दोन्ही देशांतलं स्थानिक चलनच काढून टाकलं आणि किंमती डॉलरमध्ये नेल्या. भोगावं लागलं ते तिथे खरोखर राहणाऱ्यांना.

४. ॲपमधून घेतलं की वेबसाइटवरून?

मोबाइल आणि लॅपटॉपवर किंमत वेगळी दिसते, याचं कारण नेहमी देश नसतो. ॲप स्टोअर प्रत्येक विक्रीतून कमिशन घेतं, साधारण १५ ते ३० टक्के, आणि काही कंपन्या तो भार ग्राहकावर टाकतात. अमेरिकेत यूट्यूब प्रीमियम वेबसाइटवर १३.९९ डॉलरला होतं, तेव्हा आयफोनच्या ॲपमधून १८.९९ डॉलर पडत होतं. दोन्ही किंमती रुपयांतच आहेत आणि तरी फरक आहे, असं दिसलं तर देशाला हात लावू नका. ॲपमधलं सबस्क्रिप्शन रद्द करा, मुदत संपू द्या आणि मग वेबसाइटवरून घ्या.

विंडोजच्या स्टोअरचं मात्र वेगळं आहे. तिथे कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमधला प्रदेश थेट परिणाम करतो. 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये जाऊन 'कंट्री ऑर रीजन' भारत आहे ना ते पाहा. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर तो 'युनायटेड स्टेट्स' राहिलेला असतो. तारखेची आणि आकड्यांची मांडणी हा त्याच पानावरचा निराळा पर्याय आहे, त्याने किंमत बदलत नाही.

५. स्टेटमेंटवरचे जादा पैसे: हिशोब करून बघा

देशाचा दोष आहे असं समजून लोक खाती बदलतात, आणि पैसे जात असतात बँकेच्या शुल्कात. म्हणून हा हिशोब एकदा कागदावर करा.

समजा सेवेची किंमत २० डॉलर आहे. भारतातल्या सामान्य ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही जीएसटी घ्यावा लागतो, दर १८ टक्के. झाले २३.६० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २,००६ रुपये. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, ज्याला मार्कअप म्हणतात, ते बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतं. ३.५ टक्के धरले तर सुमारे ७० रुपये, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी म्हणजे १२ रुपये ६४ पैसे. एकूण साधारण २,०८९. तुमच्या डोक्यात २० गुणिले ८५ म्हणजे १,७०० रुपये होते. फरक जवळपास ३९० रुपयांचा, आणि यात कुणीही फसवलेलं नाही.

भारतात रुपयांत जाहीर केलेल्या किंमतीत बहुधा कर धरलेला असतो. अमेरिकेत जाहीर किंमतीवर कर वेगळा लागतो. दोन देशांच्या किंमती शेजारी ठेवून तुलना करताना हे विसरू नका.

रुपयांत किंमत असूनही स्टेटमेंटवर एक वेगळी छोटी रक्कम दिसत असेल तर कंपनीची नोंदणी परदेशात असावी. काही बँका परदेशी व्यापाऱ्याला रुपयांत दिलेल्या पैशांवरही साधारण १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. कार्डाच्या शुल्कपत्रकात ते लिहिलेलं असतं. उपाय साधा आहे: ज्या कार्डावर मार्कअप कमी आहे ते वापरा, किंवा यूपीआयची सोय असेल तर तिकडून भरा.

धंद्यासाठी सेवा घेत असाल आणि तुमचा जीएसटी नोंदणी क्रमांक असेल तर तो परदेशी कंपनीच्या खात्यात भरता येतो. मग ती कंपनी कर घेत नाही आणि तो तुम्ही स्वतः सरकारला भरायचा असतो. कर वाचवायला दुसऱ्याचा क्रमांक टाकू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि पकडलाही जातो.

६. कार्ड नाकारलं जातंय किंवा दुसऱ्या महिन्यात बंद पडतंय

पहिल्यांदा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करायचे असतात. काम झालं की मर्यादा कमी ठेवा. साधं देशांतर्गत रुपे कार्ड बऱ्याच परदेशी कंपन्यांकडे चालत नाही, तेव्हा आधी दुसरं कार्ड लावून बघा.

पहिला महिना सुरळीत गेला आणि दुसऱ्याला अडकलं तर दोष बहुधा मँडेटमध्ये, म्हणजे आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीत आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी एकदा ओटीपी देऊन नोंदणी करावी लागते, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. ओटीपीशिवाय कापता येण्याची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. कंपनीने ही व्यवस्था केलीच नसेल तर भारतीय कार्डावर पहिला व्यवहार होतो आणि पुढचे नाकारले जातात. अशा वेळी महिन्याऐवजी वर्षाचा प्लॅन एकदम घेतला की प्रश्न सुटतो. पण आधी महिनाभर वापरून बघा.

मँडेटमध्ये कमाल रक्कमही ठरलेली असते. कंपनीने दर वाढवला आणि नवी रक्कम त्याच्या वर गेली तर व्यवहार पडतो. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटो-पे' किंवा 'ई-मँडेट' या नावाखाली जुनं मँडेट शोधा, रद्द करा आणि नव्याने नोंदवा. तिथे गेलातच तर बाकीची मँडेटही नजरेखालून घाला. विसरलेली सबस्क्रिप्शन्स तिथेच सापडतात.

परदेशी नोकरीला गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. अनिवासी झाल्यावर भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. तेव्हा बहुधा डेबिट कार्ड नवीन मिळतं आणि जुन्या कार्डावरची सगळी मँडेट गळून पडतात. आईवडिलांच्या फोनवरचं सबस्क्रिप्शन मुलाच्या कार्डावर असेल तर ते या कारणाने अचानक थांबतं, आणि घरात कुणाला कारण उमगत नाही.

आयफोनवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावं: २०२२ मध्ये ॲपलने भारतातल्या खात्यांवर क्रेडिट आणि डेबिट कार्ड घेणं थांबवलं आणि यूपीआय, नेटबँकिंग किंवा ॲपल खात्यातली शिल्लक हे मार्ग ठेवले. जुनं कार्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहण्याआधी यूपीआय लावून बघा.

७. स्टोअरचा देश बदलणं

वरची सगळी तपासणी करूनही पावतीवर परदेशी चलनच असेल आणि तुम्ही खरोखर कायमचे भारतात राहत असाल, तरच इथे या. काही आठवड्यांच्या सुट्टीसाठी देश बदलू नका.

गूगल प्ले: प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टिचकी मारा, 'सेटिंग्ज', मग 'जनरल', मग 'अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस'. तिथे 'कंट्री अँड प्रोफाइल्स' दिसेल. तुम्ही भारतात असायला हवं आणि भारतातलं पैसे भरायचं साधन जोडता यायला हवं. बदल पूर्ण व्हायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. नीट वाचा: एकदा बदलला की पुन्हा बदलायला वर्षभर थांबावं लागतं, आणि जुन्या देशाच्या खात्यात शिल्लक असलेले पैसे नव्या देशात येत नाहीत. ते आधी संपवा.

पर्याय दिसतच नसेल तर तीन शक्यता तपासा. वर्षाच्या आत एकदा बदल झालेला असेल, व्हीपीएन किंवा रोमिंगमुळे गूगलला तुम्ही अजून परदेशातच दिसत असाल, किंवा तुम्ही फॅमिली ग्रुपमध्ये, म्हणजे घरातल्यांची गूगल खाती एकत्र जोडलेल्या गटात असाल. ग्रुपचा देश बदलण्याचा अधिकार तो चालवणाऱ्याकडेच असतो, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकाच देशात असणं अपेक्षित आहे. मुलगा टेक्सासमध्ये आणि आईवडील साताऱ्यात अशी फॅमिली चालत नाही. आईवडिलांना ग्रुपमधून बाहेर काढा आणि त्यांचं भारतातलं स्वतंत्र खातं ठेवा. देश एक हवा.

स्टोअरचा देश बदलला तरी यूट्यूब प्रीमियम जुन्याच दराने चालू राहू शकतं. ते रद्द करून मुदत संपल्यावर भारतातून नव्याने घ्यायचं.

ॲपल: 'सेटिंग्ज' मध्ये सगळ्यात वर तुमचं नाव, मग 'मीडिया अँड पर्चेसेस', 'व्ह्यू अकाउंट', 'कंट्री ऑर रीजन'. पण त्याआधी खात्यातली शिल्लक शून्य करावी लागते, सगळी सबस्क्रिप्शन्स रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि कधीकधी फॅमिली शेअरिंगमधून बाहेर पडावं लागतं. वार्षिक सबस्क्रिप्शन असेल तर ही वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते.

म्हणून आईच्या फोनसाठी मी बहुधा दुसरा मार्ग सुचवतो. फोटो, संपर्क आणि बॅकअप ज्या खात्यावर आहेत ते आयक्लाउडचं खातं तसंच राहू द्या. भारतातल्या वायफायवर एक नवीन ॲपल खातं उघडा, त्याला यूपीआय जोडा, आणि फक्त 'मीडिया अँड पर्चेसेस' मध्ये ते वापरा. ॲपल याला परवानगी देतं. जुन्या खात्यावरून घेतलेली ॲप्स अपडेट होताना जुना पासवर्ड मागतील, तेवढी सवय करावी लागते. फोटोंना धक्का लागत नाही, आणि वयस्क माणसाच्या फोनमध्ये त्यापेक्षा मोलाचं काही नसतं.

शिकायला जर्मनीला किंवा नोकरीला ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनी याच्या उलट करावं. भारतीय प्ले खातं घाईने बदलू नका, कारण बँकेची आणि सरकारी ॲप्स त्याच खात्यावर अपडेट होतात. तिथे पोचल्यावर दुसरं गूगल खातं उघडा. अँड्रॉइड फोनवर दोन्ही एकत्र चालतात.

८. ज्या कंपन्या स्वतःच पैसे घेतात

नेटफ्लिक्समध्ये देश हाताने बदलायची सोय नाही. परत आल्यावरही जुनंच चलन कापलं जात असेल तर सदस्यत्व रद्द करा, मुदत संपू द्या आणि भारतातून भारतीय साधनाने पुन्हा सुरू करा. प्रोफाइल आणि पाहिलेल्याची नोंद १० महिने जपून ठेवली जाते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

स्पॉटिफायमध्ये वेबसाइटवर खात्याच्या पानावर देश बदलता येतो, पण तुम्ही सध्या जिथे आहात तोच देश निवडता येतो आणि प्रीमियमसाठी त्याच देशातलं पैसे भरायचं साधन लागतं. फुकट खातं परदेशात १४ दिवस चालतं, मग देश बदलायला सांगतं.

स्टीममध्ये तीन महिन्यांतून एकदाच देश बदलतो, आणि त्यासाठी त्या देशातल्या साधनाने खरेदी करावी लागते.

इथे थांबा

ओळखीची नसलेली कंपनी पैसे कापतेय असं दिसलं तर तपासणी सोडा आणि लगेच बँकेला कळवा. कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. उशीर झाला की हक्क कमी होत जातो. फसवणूक वाटली तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावरही तक्रार करा.

गूगलचा वर्षभराचा बंद लागला असेल तर नवनवी कार्डं जोडून पाहू नका. वारंवार प्रयत्न संशयास्पद ठरतात आणि पैसे भरण्याचं प्रोफाइलच गोठवलं जाऊ शकतं. ॲपल खात्यात अशी किरकोळ शिल्लक अडकली असेल की तेवढ्यात काहीच विकत घेता येत नाही, तर ती ॲपलच्या मदत विभागाकडूनच काढून घ्यावी लागते.

ऑफिसचं गूगल वर्कस्पेस असेल तर हात लावू नका. तिथे बिलाचा देश नंतर बदलता येत नाही, नव्या बिलिंगची मांडणी करावी लागते, आणि चुकलं तर सगळ्यांचे ईमेल बंद पडतात. ते काम ॲडमिनचं. जीएसटी क्रमांक, परदेशी कंपनीऐवजी तुम्ही स्वतः भरायचा कर आणि मागच्या महिन्यांचे परतावे यांसाठी सीएला विचारा.

मदतीसाठी फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर येणारे कित्येक 'कस्टमर केअर' नंबर भामट्यांचे असतात. ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच जा. कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला किंवा ओटीपी सांगायला लावलं तर फोन ठेवून द्या.

बोलणं सुरू करण्याआधी पावतीचा क्रमांक, कापल्याची तारीख, चलनासकट रक्कम, खात्याचा ईमेल आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून ठेवा. पूर्ण कार्ड नंबर कुणालाही देऊ नका. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मागून घ्या, आणि पुढच्या बिलाच्या आदल्या दिवशी येणारा बँकेचा संदेश उघडून त्यात रुपये आहेत ना, ते बघा.